तेच स्वगत, दुसरा नट: नवख्या प्रेक्षकासाठी

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला बसलेला माणूस 'यमन गेल्या वर्षी ऐकलाय, दुसरं काही असेल तर गा' असं कधी म्हणत नाही. तोच माणूस नाटकाच्या बाबतीत मात्र 'हे आपलं पाहून झालंय' म्हणून मोकळा होतो. गाजलेल्या स्वगताचं असंच होतं. एका नटाच्या तोंडून ते मनात ठसलं की तो नट म्हणजेच ते स्वगत, आणि नंतरचे सगळे नक्कल करणारे, असा निकाल आपण लावून टाकतो. यात तोटा आपलाच आहे. एकच मजकूर वेगवेगळ्या नटांकडून ऐकण्यासारखा नाट्यानंद दुसरा नाही, आणि तो घ्यायला फार विद्वत्ता लागते असंही नाही. थोडी तयारी लागते, ती कशी करायची ते सांगतो.

उदाहरणासाठी हॅम्लेटचं तिसऱ्या अंकातलं स्वगत घेऊ. 'टू बी ऑर नॉट टू बी' हे शब्द नाटक न पाहिलेल्यालाही माहीत असतात. चारशेहून अधिक वर्षं नट ते बोलत आलेत, गेल्या पाऊणशे वर्षांतल्या कितीतरी नटांचं चित्रण उपलब्ध आहे, आणि मराठी रंगभूमीने या स्वगताला स्वतःचं असं उत्तरही दिलेलं आहे.

सुरू करण्याआधी एकच पथ्य. 'कुणाचं सगळ्यात भारी?' हा प्रश्न निदान पहिले काही आठवडे विचारू नका. त्याऐवजी दर वेळी विचारा: हा माणूस आत्ता कुणाशी बोलतोय? स्वतःशी, देवाशी, आपल्याशी, की पडद्याआड कुणी उभं आहे हे ओळखून त्याच्याशी? या एका प्रश्नाने सगळं उलगडत जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नाभोवती आहेत.

पहिली पायरी: आधी मजकूर हातात घ्या

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात चक्कर मारली तर टिपांसकट छापलेली हॅम्लेटची प्रत मिळून जाते. पूर्ण नाटक वाचायला हवंच असं नाही. शेक्सपिअरचं ते सगळ्यात लांबलचक नाटक आहे. स्वगत मात्र पस्तीसेक ओळींचंच आहे. ते आणि त्याच्या मागचे-पुढचे प्रवेश वाचा.

मागचं का वाचायचं? हॅम्लेट डेन्मार्कचा राजपुत्र. वडील वारलेत, दोन महिन्यांच्या आत आईने काकाशी लग्न केलंय, आणि वडिलांच्या भुताने येऊन सांगितलंय की तुझ्या काकानेच माझा खून केला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हॅम्लेट एक बेत आखतो: वाड्यावर आलेल्या नटांकडून खुनाचा प्रसंग काकासमोर करून घ्यायचा आणि त्याचा चेहरा बघायचा. तिथे तो पेटलेला आहे, त्याला वाट सापडली आहे. आणि लगेच पुढच्या प्रवेशात तोच माणूस येऊन विचारतो, जगावं की जगू नये. आदल्या रात्रीची धग कुठे गेली? मजकूर याचं उत्तर देत नाही, ते नटाला द्यावं लागतं. इथेच दोन नट वेगळे होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तो रंगमंचावर एकटा नाही. त्याची प्रेयसी ऑफिलिया हिला तिच्या बापाने हातात पुस्तक देऊन तिथेच उभं केलंय, आणि आता राजा झालेला काका व तिचा बाप दोघं लपून कान देताहेत. हॅम्लेटला हे ठाऊक आहे का? काही नट 'नाही' धरून बोलतात, काही 'हो' धरून, आणि 'हो' धरलं की साऱ्या स्वगताचा रंग बदलतो. मग ते मनातलं बोलणं उरत नाही, राजाला ऐकू जावं म्हणून केलेलं बोलणं होतं.

आता पेन्सिल घ्या आणि मजकुराचे सांधे शोधा. आधी प्रश्न येतो: सोसायचं की लढून संपवायचं. मग मरण म्हणजे झोप, असा दिलासा. मग झोपेत स्वप्नं पडतात, ही ठेच. त्यानंतर माणूस काय काय सोसतो त्याची यादी: जुलूम करणाऱ्याचा अन्याय, गर्विष्ठाने केलेला अपमान, झिडकारलेलं प्रेम, न्यायाला लागणारा उशीर, अधिकाऱ्यांचा उद्दामपणा. शिवाजीनगर कोर्टात तारखा घेत बसलेल्या कुणालाही ही यादी परकी वाटणार नाही. मग अज्ञात देशाची भीती आणि शेवटी निष्कर्ष, की विचारच माणसाला भित्रा करतो आणि मोठमोठ्या कामांचा प्रवाह भलतीकडे वळवतो. नट एका सांध्यावरून दुसऱ्यावर कसा जातो, इकडे लक्ष ठेवा. ओळी सुंदर म्हणणारे पुष्कळ असतात. सांध्यावर खरोखर नवा विचार सुचल्यासारखं थबकणारे थोडे.

आणखी दोन खुणा करून ठेवा. या साऱ्या स्वगतात हॅम्लेट स्वतःविषयी 'मी' म्हणत नाही. 'आपण', 'माणूस' अशा भाषेत बोलतो. त्याचा खून झालेला बाप, आई, काका, कुणाचाही उल्लेख नाही. नट हे अंतर राखतो, की सर्वसामान्य बोलण्याच्या आडून स्वतःचं दुःख डोकावू देतो? आणि दुसरी: जिथून कुणी प्रवासी परतत नाही असा देश, असं तो मृत्यूला म्हणतो, पण बापाचं भूत तर त्याने स्वतः पाहिलंय. काही नट ही ओळ सरळ ओलांडून जातात. एखादा तिथे अडखळतो, आणि त्या अडखळण्यात अख्खा पहिला अंक परत येतो.

छापील मजकूरही एकच नाही. 1603 मध्ये छापलेल्या लहानशा प्रतीत हे स्वगत बरंच वेगळं आहे आणि नाटकात आधीच येतं. 1604–05 ची प्रत आणि 1623 चा मोठा संग्रह यांतलं आज आपण वाचतो. म्हणून दिग्दर्शक स्वगताची जागा हलवतात तेव्हा 'मूळ नाटकाची मोडतोड' म्हणून लगेच चिडू नका. लंडनला 2015 साली बेनेडिक्ट कंबरबॅचच्या प्रयोगात सुरुवातीच्या पूर्वप्रयोगांत ते चक्क नाटकाच्या आरंभी होतं. त्यावर बरीच चर्चा झाली आणि मग ते पुढे नेलं गेलं. आरंभीच ठेवलं तर नटाला मागचं काहीच नाही, तो शून्यातून बोलणार. नटाच्या दृष्टीने हे किती अवघड असेल याचा विचार करून बघा.

दुसरी पायरी: थोडेच नट, पण शेजारी-शेजारी

एका बैठकीत दहा चित्रफिती बघितल्या तर सगळ्यांची खिचडी होते. सुरुवातीला तीन पुरेत, आणि मी हे तीन या क्रमाने सुचवेन.

आधी केनेथ ब्रानाचा 1996 चा चित्रपट. पूर्ण संहिता घेतल्यामुळे तो चार तासांचा आहे, पण तुम्हाला हा एक प्रवेशच हवाय. ब्राना एका भल्यामोठ्या आरशासमोर उभा राहून स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलतो, आणि त्याच आरशामागून राजा त्याला बघत असतो. कुणाशी बोलतोय या प्रश्नाची दोन उत्तरं एका चौकटीत दिसतात. नवख्यासाठी याहून सोपी सुरुवात नाही. मला या प्रवेशात आणखी एक गोष्ट फार हलवते. आरशामागचा राजा आहे डेरेक जेकोबी. जेकोबी स्वतः 1980 साली बीबीसीच्या दूरचित्रवाणी नाटकात हॅम्लेट होता, आणि 1988 मध्ये त्यानेच ब्रानाला रंगमंचावर हॅम्लेट म्हणून दिग्दर्शित केलं होतं. म्हणजे एक जुना हॅम्लेट काचेआडून नव्या हॅम्लेटचं तेच स्वगत ऐकतोय. हे कळल्यावर जेकोबीचा चेहरा पुन्हा बघा.

मग लॉरेन्स ऑलिव्हिए, 1948, कृष्णधवल. इथे स्वगत ऑफिलियाशी झालेल्या भांडणानंतर येतं. किल्ल्याच्या माथ्यावर, खाली समुद्र खवळलेला. काही ओळी ओठ न हलता मनातल्या आवाजात ऐकू येतात, आणि स्वप्नाच्या विचाराशी तो दचकून मोठ्याने बोलायला लागतो. ऐकणारं कुणी नाही, लपलेला राजा नाही. माझं मत असं की यामुळे दुःख खोल होतं, पण धोका नाहीसा होतो, आणि धोका या प्रवेशाचा प्राण आहे. तुम्हाला उलट वाटलं तर तुमचं तुम्ही धरून चला, फक्त कशामुळे वाटलं ते शब्दांत सांगता आलं पाहिजे.

तिसरा रशियन, ग्रिगोरी कोझिन्त्सेवचा 1964 चा चित्रपट, त्यात इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की. भाषांतर बोरिस पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं. रशियन येत नाही म्हणून टाळू नका. मजकूर तोवर तुम्हाला जवळजवळ पाठ झालेला असेल, आणि शब्द कळत नसले की कान आपोआप नटाच्या श्वासाकडे आणि चालीकडे जातात. तो समुद्रकाठच्या खडकांमधून चालत राहतो, ओठ मिटलेले. विचार करणारा माणूस नुसता चालताना इतका बघत राहावा असा दुसऱ्या कुणात मला दिसलेला नाही.

हे तीन जिरले की मग पुढे जा. अँड्र्यू स्कॉटचा 2017 चा लंडनमधला प्रयोग नंतर बीबीसीने दाखवला. त्यात स्वगत इतकं हलकं, बोलता-बोलता थांबत, शब्द शोधत येतं की ते पाठ केलेलं आहे हेच विसरायला होतं. ईथन हॉकचा 2000 सालचा हॅम्लेट व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात 'ॲक्शन' अशा पाट्यांमधून फिरत बोलतो. स्वगताची शेवटची ओळ कृती हातून निसटण्याची आहे हे लक्षात घेतलं तर ती जागा किती विचारपूर्वक निवडली आहे ते कळतं. बायकांनी केलेले हॅम्लेटही चुकवू नका. सारा बर्नहार्टने तो 1899 मध्ये पॅरिसला केला, ॲस्टा नील्सनने 1921 च्या मूकपटात, आणि मॅक्सिन पीकने 2014 मध्ये मँचेस्टरला. पीकचा प्रयोग चित्रित झालेला आहे.

आणि विशाल भारद्वाजचा 'हैदर'. काश्मीरमधली 1995 ची गोष्ट, लाल चौकात गळ्यात फास अडकवून शाहिद कपूर गर्दीला विचारतो की आपण आहोत की नाही. स्वगत इथे सभेतलं भाषण झालंय. सगळं गुप्त होतं ते रस्त्यावर आलं. मूळ मजकुरातलं 'आपण' इतक्या अक्षरशः कुणी घेतलं नव्हतं.

तिसरी पायरी: डोळे मिटून

आता तेच तुकडे न बघता ऐका. नुसता आवाज. एका कागदावर पहिली ओळ लिहा आणि नट कोणत्या शब्दावर वजन देतो तिथे रेघ मारा. हा खेळ किती लांबवर जातो ते बघायचं असेल तर एप्रिल 2016 मध्ये शेक्सपिअरच्या मृत्यूला 400 वर्षं झाली तेव्हा स्ट्रॅटफर्डला झालेल्या कार्यक्रमातला छोटा प्रवेश शोधा. एक तरुण नट पापा एसिएदू स्वगत सुरू करतो आणि कंबरबॅच, डेव्हिड टेनंट, रोरी किनिअर, हॅरिएट वॉल्टर, इयन मकेलन, जुडी डेंच असे एकेक जण येऊन 'वजन त्या शब्दावर नाही, या शब्दावर' म्हणून वाद घालतात. शेवटी तेव्हाचे युवराज चार्ल्स येऊन आपलं मत देतात. हसू येतंच, पण एका ओळीत किती जागा आहेत याचा इतका चांगला धडा मी कुठल्या शिबिरात पाहिला नाही.

मग श्वास. इंग्रजी ओळ साधारण दहा अक्षरांची असते, पण या स्वगताच्या पहिल्या चारही ओळींना शेवटी एक जादा, वजन नसलेलं अक्षर आहे. म्हणजे ओळ ठाम पाऊल टाकून संपत नाही, टोकाशी डगमगते. काही नट तिथे थांबतात, काही पुढच्या ओळीत ओढून नेतात. दोन्ही ऐकलंत की 'पॉज' हा शब्द आपण किती सैल वापरतो ते कळेल. गोष्ट विसरल्यासारखा पॉज वेगळा, टाळीसाठी घेतलेला वेगळा, आणि पुढचं वाक्य बोलायची भीती वाटते म्हणून आलेला वेगळा.

चौथी पायरी: घरचं स्वगत

हॅम्लेट मराठीत फार लवकर आला. गोपाळ गणेश आगरकरांचं रूपांतर 'विकारविलसित' 1883 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशींनी ही भूमिका अशी गाजवली की त्यांना, अठराव्या शतकातल्या गाजलेल्या इंग्रज नटाच्या नावावरून, महाराष्ट्राचे गॅरिक म्हणत. त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येत नाही, याची हळहळ वाटते. नाना जोगांचं भाषांतर मात्र आजही रंगमंचावर बोललं जातं. 2018 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तेच घेऊन हॅम्लेट बसवलं, त्यात सुमीत राघवन होता.

पण मराठी माणसाच्या कानात या स्वगताची जी चाल बसली आहे ती शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची. 'जगावं की मरावं हा एकच सवाल आहे' ही ओळ शाळेच्या गॅदरिंगपासून एकपात्री स्पर्धेपर्यंत इतक्यांदा ऐकलेली असते की ती ऐकूच येईनाशी होते. ती पुन्हा ऐकू यावी म्हणून आधीच्या तीन पायऱ्या.

आप्पा बेलवलकर हा उतारवयातला नट आहे. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर त्याने रंगमंचावर जगलेत. मुलांना सगळं वाटून देऊन तो बायकोसह त्यांच्या दारात उपरा झालाय. म्हणजे इथे एक नट, नट असलेल्या माणसाचं काम करतोय, आणि तो माणूस आपल्या जुन्या भूमिकेतल्या शब्दांनी स्वतःचं दुःख बोलतोय. प्रश्न तोच, पण आता दुप्पट: आप्पा कुणाशी बोलताहेत? नसलेल्या प्रेक्षकांशी, विधात्याशी, स्वतःशी? आणि बोलताना ते 'करून दाखवताहेत' की मोडून पडताहेत? जो नट हे दोन्ही एकाच श्वासात सांभाळतो त्याचं स्वगत अंगावर येतं. नुसतं रडणारा आप्पा मला नेहमी अपुरा वाटतो, कारण रडतानाही त्या म्हाताऱ्याला आवाजाची फेक सोडवत नाही, तो जातिवंत नट आहे.

23 डिसेंबर 1970 ला गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक आणलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पा झाले डॉ. श्रीराम लागू आणि त्यांची बायको कावेरी झाल्या शांता जोग. लागू मूळचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुण्यातच बी. जे. मेडिकलला शिकले, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेच्या नाटकांत घडले, आणि 1969 मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. त्यांचं आत्मचरित्र 'लमाण' या टप्प्यावर जरूर वाचा. नटाच्या अंगावर एखादी भूमिका केवढं ओझं टाकते ते त्यात कळतं. पुढे सतीश दुभाषी, दत्ता भट, यशवंत दत्त अशा मातब्बरांनी आप्पा केला, अलीकडच्या काळात मोहन जोशींनी केला. ते प्रयोग पाहिलेली माणसं पुण्यात अजून भेटतात. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही जुन्या नाट्यवेड्या काका-काकूंना 'तुम्ही कुणाचा आप्पा पाहिलात?' एवढं विचारा आणि तासभर ऐकत बसा. ते 'आमच्या वेळचं वेगळंच होतं' म्हणतील तेव्हा नम्रपणे पुढचं विचारा: काय वेगळं होतं, आवाज, उभं राहणं, की कावेरीकडे बघणं? आठवणीतून तपशील असाच निघतो.

लागूंचं ध्वनिचित्रमुद्रण आणि 1 जानेवारी 2016 ला आलेल्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटातले नाना पाटेकर हे लागोपाठ बघा. लागूंना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचंय, म्हणून वाक्यं पल्लेदार, श्वास लांब. नानांसमोर कॅमेरा वीतभर अंतरावर, तिथे ओठ थरथरला तरी पुरे. एकाच्या मोजपट्टीने दुसऱ्याला मोजू नका. रंगमंचावरचं मोठं बोलणं मोबाइलच्या पडद्यावर 'ओव्हर' वाटतं, तो नटाचा दोष नव्हे.

पाचवी पायरी: घराबाहेर

चित्रफितीत नट प्रत्येक वेळी तसाच बोलतो. प्रयोगात तसं नसतं, म्हणून एकाच नाटकाचे दोन प्रयोग पाहायची सवय लावून घ्या. बालगंधर्व रंगमंदिरात शक्य असेल तर मधल्या रांगा घ्या. अगदी पुढून चेहरा दिसतो पण नटाचं उभं राहणं आणि अंतरं कळत नाहीत. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर त्यामानाने आटोपशीर आहे, आणि शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच तर इतका छोटा की नटाला कुजबुजता येतं आणि तुम्हाला लपता येत नाही. तिथे 'कुणाशी बोलतोय' याचं उत्तर कधीकधी 'माझ्याशी' असं येतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात भरतला पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका असतात, 1963 पासून चालू आहेत. तिथे महाविद्यालयातली मुलं तांत्रिक थाटावर विसंबत नाहीत, अभिनयावर उभी राहतात. घडत असलेला नट बघणं हेसुद्धा या छंदाचाच भाग आहे. परदेशी प्रयोगांचं चित्रण मोठ्या पडद्यावर बघायचं असेल तर मुंबईच्या एनसीपीएमधले नॅशनल थिएटर लाइव्हचे खेळ अधूनमधून तपासत राहा, सकाळी निघून रात्री परत येता येतं.

तिसरी घंटा व्हायच्या आत जागेवर बसा आणि फोन बंद करा, कंपनावर नको. स्वगतातल्या शांततेत खुर्चीवर थरथरणारा फोन सगळ्या रांगेला ऐकू जातो.

सहावी पायरी: स्वतः म्हणा

नट व्हायचं नसलं तरी हे करा. पाठ करा, इंग्रजी किंवा मराठी, आणि तीन प्रकारे म्हणा. एकदा आरशासमोर. एकदा मित्राच्या डोळ्यांत बघून. एकदा वेताळ टेकडी चढताना, दम लागलेला असताना. चढावर वाक्य कुठे तुटतं बघा. तिथे तुटलं की पुढचा विचार नव्याने शोधावा लागतो, आणि नट तालमीत आठवडेच्या आठवडे नेमकं हेच शोधत असतो हे अंगाला कळतं. त्यानंतर कुठल्याही नटाला 'काय, नुसतं बोलायचंच तर असतं' म्हणवणार नाही.

दोघं-तिघं असाल तर आणखी बरं. प्रत्येकाने एक नट निवडायचा, सगळ्यांनी मिळून बघायचं, मग चहाला बसून पंधरा मिनिटं फक्त काय दिसलं आणि काय ऐकू आलं तेवढंच बोलायचं. आवडलं-नावडलं त्यानंतर.

हॅम्लेट आणि आप्पा अंगवळणी पडले की पुढचा मजकूर म्हणून ज्युलियस सीझरमधलं अँटनीचं भाषण घ्या, आणि सुरुवात मार्लन ब्रँडोच्या 1953 च्या चित्रपटापासून करा. तिथे समोर अख्खा जमाव उभा आहे, त्यामुळे कुणाशी बोलतोय हे उघड आहे. तिथे वेगळं विचारायचं: जमाव कोणत्या ओळीला फिरला, आणि तो फिरलाय हे अँटनीला नेमकं केव्हा कळलं?